विचोल मण्यांचा संच: वाटी जमली, मनगटपट्टी फसली

मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरातल्या एका दुकानात मिळणाऱ्या या संचात दोन वस्तू आहेत: बारा सेंटिमीटर रुंद हिकारा, म्हणजे भोपळ्याच्या वाळलेल्या कवचाची आतून मणी जडवलेली वाटी, आणि मागावर विणलेली मनगटपट्टी.

वाटी अस्सल विरारिका (विचोल या मेक्सिकोतल्या आदिवासी समाजाचं स्वतःचं नाव) पद्धतीची आहे. कवचाच्या आत मधमाशीचं मेण आणि पाइनची राळ यांचं मिश्रण पातळ पसरतात, मग सुईच्या टोकावर एकेक मणी उचलून भोक वर ठेवून दाबतात. सगळी कसोटी या दाबात आहे. जास्त दाबला तर मेण भोकातून वर येतं, त्यावर धूळ चिकटते आणि लाल रंग तपकिरी दिसू लागतो. कमी दाबला तर बोट फिरवताच मणी सुटतो. इथे भिंगातून पाहिलं तरी भोकं स्वच्छ आहेत. मणी अकरा नंबरचे, सुमारे दोन मिलिमीटरचे. अंदाजे साडेतीन हजार लागले असावेत. मधलं हिकुरीचं (पेयोटे, म्हणजे त्यांच्या पूजाविधीतला बिनकाट्यांचा निवडुंग) फूल आठ पाकळ्यांचं आहे. वर्तुळ वाढत जातं तसे मणी वाढवण्यात चूक झाली की पाकळी एका अंगाला झुकते. तसं कुठेच झालेलं नाही. भोवतीची हरणं मात्र जरा घाईची वाटली.

जपणूक सोपी: कोरडा मऊ ब्रश, बस्स. गरम पाणी नको, उन्हातली खिडकी नको. मेण पुरतं वितळायला साठ अंशांच्या वर तापमान लागतं, पण मऊ पडून मणी सरकायला त्याच्या बरंच आधी सुरुवात होते. म्हणूनच तर मेक्सिको सिटीच्या लोककला संग्रहालयाची ‘वोचोल’ ही वीस लाखांहून जास्त मण्यांनी मढवलेली फोक्सवॅगन बीटल करताना मेणाऐवजी उष्णता सोसणारं रेझिन वापरलं गेलं. उलट कडाक्याच्या थंडीत मेण ठिसूळ होतं. तेव्हा वाटी आपटली तर मणी उडालेच म्हणून समजा.

आता मनगटपट्टी. रुंदीला पंधरा मणी, त्यामुळे ताण्याचे (मागावरचे उभे) दोरे सोळा. लांबीला सुमारे पंचाहत्तर ओळी. वीण घट्ट आहे, नक्षीही नेमकी. घोटाळा टोकांना आहे. ताण्याचे दोरे परत मण्यांतून ओवून जिरवायला हवे होते. ते नुसते एका गाठीत बांधून, वर डिंकाचा थेंब टाकून कापलेत. हातात घालता-काढता सगळा ओढा त्या गाठीवर येतो, डिंक तडकतो आणि शेवटची ओळ मोकळी होते. भरीला काही मण्यांच्या भोकांची कड धारदार आहे. नायलॉनचा दोरा तिथेच कापला जाईल. गुलाबी मण्यांवरून अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस फिरवला तर कापसाला रंग लागतो, म्हणजे ते वरून रंगवलेले आहेत. घामानेही उतरतील.

दुकानदार संच फोडून विकतो का, ते आधी विचारा. फोडत नसेल तर पट्टी घालण्यापूर्वी टोकांच्या दोन-दोन ओळी उसवून दोरे आत जिरवून घ्या. सरावलेल्या हाताला तासाभराचं काम आहे.