एकाच गाड्यावरची दोन संत्री : नागपूर आणि इजिप्त

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास दादरला फळांच्या गाड्यांवर मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यातून धरलेली, नागपुरी संत्री आणि इजिप्तहून आलेली व्हॅलेन्सिया, जिला आपले फळवाले सरसकट माल्टा म्हणतात, अगदी शेजारी शेजारी रचलेली असतात. दोन्ही एकाच विक्रेत्याकडून घेतली. इजिप्तच्या मालाला जवळजवळ दीडपट भाव द्यावा लागला.

खाण्याच्या बाबतीत नागपुरी संत्रे सरळ सरळ उजवे आहे. अंगठा देठाशी रोवताच साल सुटते, फोडी न फाटता वेगळ्या होतात, आणि गोडीच्या पाठोपाठ येणारा आंबटपणा जिभेवर रेंगाळतो. बिया मात्र इतक्या, की लहान मुलांना द्यायचे तर प्रत्येक फोड सोलून द्यावी लागते. इजिप्तच्या फळाची साल गराला घट्ट चिकटलेली असल्यामुळे सुरी हवीच. आत बिया नावाला, रस मुबलक, चव गोड पण एकसुरी. खरे तर हे फळ आपल्या मोसंबीच्या कुळातले आहे, त्यामुळे रसासाठी आणणाऱ्याने त्याची तुलना मोसंबीशी करावी, हे अधिक न्याय्य.

परंतु निर्यातीच्या बाजारात चवीपेक्षा प्रवास सोसण्याची ताकद मोठी ठरते. नागपुरी संत्र्याची जी सैल साल खाणाऱ्याला सोयीची वाटते, तिच्याच आत पोकळी असल्यामुळे क्रेटच्या तळाची फळे दबतात, आणि मी घेतलेल्या फळांपैकी काही तिसऱ्या दिवशीच देठाकडून मऊ पडली. इजिप्तची फळे मेणाचा थर आणि शीतकंटेनर यांच्या आधाराने समुद्र ओलांडून आली होती, तरी आठवडाभर फ्रिजबाहेर टणक राहिली, आणि आकाराने तर एका साच्यातून काढल्यासारखी होती. प्रतवारीतली ही शिस्त आपल्या मालात अजून दिसत नाही; वरच्या थरात मोठी फळे आणि खाली लिंबाएवढी, हा अनुभव मुंबईकराला नवा नाही.

ताज्या संत्र्यांच्या निर्यातीत इजिप्तने अलीकडच्या काळात स्पेनलाही वजनाने मागे टाकले, त्यामागे कैरो-अलेक्झांड्रिया रस्त्यालगत वाळवंट लागवडीखाली आणून ठिबकवर उभ्या केलेल्या बागा आहेत, युरोप आणि आखाती देश यांच्या मधोमध असलेले स्थान आहे, आणि नोव्हेंबर 2016 मध्ये इजिप्तचे चलन, पौंड, बाजारावर सोडल्यावर त्याची घसरलेली किंमतही आहे, जिच्यामुळे परदेशी गिऱ्हाइकाला तेच फळ एकदम स्वस्त पडू लागले. याउलट विदर्भातल्या वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यात झाडाला ताण देऊन, म्हणजे पाणी तोडून, बहार धरायचा आणि मग पावसाची वाट पाहायची, अशी शेती आहे. त्यात झाडाच्या खोडातून डिंक गळवणारा डिंक्या रोग आणि फळगळ पाठीशी लागलेली. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले खरे, पण मानांकनाने फळ टिकत नाही.

आपली संत्र्याची निर्यात मुख्यत्वे बांगलादेशावर विसंबून राहिली, हे मला सर्वांत खटकते. ट्रकने जाता येण्याजोगे गिऱ्हाईक असल्यामुळे दूरच्या बाजाराला लागणारी पॅकिंगची आणि शीतसाखळीची तयारी करण्याची निकड भासलीच नाही. मग त्या देशाने आयात शुल्क किलोमागे 2019 मधील 20 रुपयांवरून 2023 पर्यंत 88 रुपयांवर नेले, तेव्हा विदर्भातला माल देशातच तुंबला आणि भाव पडले. त्याच काळात आयात शुल्क भरूनही इजिप्तचे फळ मुंबईत दीडपट भावाने खपते, यातून विक्रेत्याला टिकाऊपणाची किती किंमत वाटते ते कळते. माझ्या फळवाल्याने ते एका वाक्यात सांगितले : माल्टा उरला तर उद्या विकता येतो.

घरी सोलून खायचे असेल तर नागपुरी घ्यावे, मात्र दोन दिवसांत संपेल एवढेच, आणि क्रेटमधून स्वतः निवडून. रसासाठी माल्टा ठीक आहे, पण मोसंबी निम्म्या भावात मिळत असेल तर दीडपट पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही.