लग्नाच्या डीव्हीडींची आयएसओ: काही महिने वापरून

लातूरला आमचा फोटो स्टुडिओ. कपाटं जुन्या लग्नांच्या डीव्हीडींनी भरलेली, आणि आपल्याकडचा उन्हाळा त्या डिस्कच्या मुळावर उठलेला. त्यात नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो. म्हणून गेले काही महिने एकेक डिस्क आयएसओ करून, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल असलेली एकच फाइल बनवून, हार्डडिस्कवर टाकतोय.

चांगल्या डिस्कला इमगबर्न हे विंडोजवरचं सॉफ्टवेअर पुरतं. फुकट आहे, २०१३ नंतर नवीन आवृत्ती नाही, पण काही अडलं नाही. रीड मोड, जागा निवडा, चहा घेऊन या.

खरी परीक्षा खराब डिस्कची. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि सहसा कडेकडून आधी बिघडते. त्यामुळे हळद, अक्षता सुरळीत निघतात आणि नेमकी पाठवणी अडते. इमगबर्न तिथे त्याच सेक्टरवर, म्हणजे डिस्कवरच्या माहितीच्या छोट्या तुकड्यावर, घुटमळत बसतं. अशा डिस्क मी जुन्या पीसीवर लिनक्स टाकून डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचवणाऱ्या प्रोग्रॅमनं काढतो. सेक्टरचा आकार २०४८ बाइट द्यायचा. पहिल्या फेरीत ते सोपं तेवढं उचलतं, अवघड जागा मॅपफाइलमध्ये नोंदवून पुढं सरकतं. लाईट गेली तरी पुन्हा तिथूनच सुरू. तीच मॅपफाइल घेऊन डिस्क दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घातली की राहिलेले बरेच सेक्टर निघतात. एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. कमांड टाइप करायची काळी स्क्रीन हाच डीडीरेस्क्यूचा चेहरा, माउसवाल्यांना नाही आवडणार.

माउंट करणं, म्हणजे आयएसओ फाइल डिस्क घातल्यासारखी उघडणं, मात्र पोरखेळ. विंडोज ८ पासून आयएसओवर डबल क्लिक केलं की नवा ड्राइव्ह उगवतो. काम झालं की राइट क्लिक, इजेक्ट. त्यात लिहिता येत नाही, म्हणून पोरांच्या हातून मूळ शूटिंग पुसायची भीती नाही. विंडोज ७ वर त्यासाठी विनसीडीएमू हे सॉफ्टवेअर टाकलंय, हलकं आणि बिनत्रासाचं. नुसतं बघायचं असेल तर व्हीएलसी माउंट न करताच मेन्यूसकट चालवतं. सेक्टर गेलेल्या जागी चित्र क्षणभर फुटतं, एवढंच. गाण्यांच्या सीडीला आयएसओ चालत नाही. तिचं बिन-क्यू, म्हणजे दोन फाइलींची जोडी, होतं आणि विंडोज ते माउंट करत नाही.

गिऱ्हाइकाला आयएसओ देऊ नका. भरलेली डीव्हीडी ४ जीबीच्या वर जाते, फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह एवढी मोठी एक फाइल घेतच नाही. घेतली तरी घरच्या टीव्हीला कळत नाही. त्यांना एमपी४ करून देतो. आयएसओ आमच्याकडे, दोन हार्डडिस्कवर.