बिल मन्रोंचं रोझीन की अर्ल स्क्रग्जचं शेल्बी?

अमेरिकेत राहणाऱ्या किंवा तिकडे जाणाऱ्या ज्यांना ब्लूग्रासची, म्हणजे बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार अशा तारवाद्यांवरच्या तिथल्या ग्रामीण संगीताची, गोडी लागली आहे, पण एकाच गावापुरता वेळ आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. केंटकीतलं रोझीन हे ब्लूग्रासचे जनक मानले जाणारे मँडोलिनवादक बिल मन्रो यांचं गाव. नॉर्थ कॅरोलायनातलं शेल्बी बँजोवादक अर्ल स्क्रग्ज यांच्या नावाने ओळखलं जातं, त्यांचा जन्म जवळच्याच फ्लिंट हिल वस्तीतला. दोन्हीकडे त्यांच्यावरची संग्रहालयं आहेत. मन्रोंच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या वाद्यवृंदात स्क्रग्ज १९४५ च्या डिसेंबरात बँजो घेऊन आले आणि आज आपण ज्याला ब्लूग्रास म्हणतो तो बाज तिथे पुरा झाला. १९४८ मध्ये ते बाहेरही पडले. इतक्या थोड्या काळात एवढं घडल्यामुळे, कुठलंही एक संग्रहालय पाहताना दुसऱ्याचा विषय निघतोच.

निव्वळ संग्रहालय म्हणून शेल्बी सरस आहे, यात मला शंका नाही. भर चौकातली १९०७ ची जुनी कोर्टाची इमारत दुरुस्त करून २०१४ मध्ये तिथे 'अर्ल स्क्रग्ज सेंटर' हे संग्रहालय सुरू झालं. स्क्रग्ज यांची तीन बोटांची पद्धत काय होती, हे समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने तारांवर अशी फिरतात की सूर तुटत नाही आणि मुख्य चाल त्या झरझर स्वरांमधून वर उठून ऐकू येते. अंगठ्यात आणि बोटांत नख्या असतात, त्यामुळे प्रत्येक स्वर टणकारतो. बँजोची पाचवी तार तोकडी असते; बाकी चार तारांच्या खुंट्या दांडीच्या टोकाला, हिची मात्र दांडीवर अधेमधेच. या तारेचा एकच उंच सूर मधूनमधून वाजत राहतो. सतार ऐकणाऱ्याला चिकारी लगेच आठवेल. शिवाय या भागातल्या कापूस आणि सूतगिरण्यांचा इतिहासही तिथे आहे, आणि तो उपरा वाटत नाही, कारण स्क्रग्ज तरुणपणी सूतगिरणीत काम करत होते. शार्लटहून साधारण तासाभराचा रस्ता. मुलं बरोबर असतील तर फार विचार करू नका, इथेच जा.

रोझीनचा मामला वेगळा. गाव इतकं लहान की जेवायला बीव्हर डॅम या जवळच्या गावापर्यंत जायची तयारी ठेवावी. २०१८ मध्ये उघडलेलं संग्रहालय आटोपशीर आहे. पण रोझीनला जायचं ते संग्रहालयाच्या बाहेर जे आहे त्यासाठी. जेरुसलेम रिज नावाच्या टेकडीवर मन्रोंचं लहानपणचं घर नीट सावरून उभं केलंय. आई गेली तेव्हा ते दहा वर्षांचे होते, सोळाव्या वर्षी वडीलही गेले. पेन व्हँडिव्हर या सख्ख्या मामांनी पोराला आसरा दिला. मामा गावोगावच्या नाचांना फिडल (म्हणजे व्हायोलिनच) वाजवायचे आणि भाचा गिटारवर साथ करायचा. मन्रोंच्या मँडोलिनमधला तो फिडलसारखा जोर आणि लय कुठून आली, हे इथे आल्यावर पटतं. मामा-भाचे दोघेही गावच्याच दफनभूमीत आहेत. आणि हंगामात शुक्रवारी संध्याकाळी जुन्या गोठ्यावजा बार्नमध्ये आजूबाजूचे वादक जमतात. ते ऐकणं मला कुठल्याही काचेच्या कपाटापेक्षा मोलाचं वाटतं.

म्हणून माझं मत असं: शुक्रवार साधता येत असेल आणि ब्लूग्रास आधीपासून कानात असेल, तर रोझीन. शुक्रवार जमत नसेल किंवा बरोबरच्यांना हे संगीत नवं असेल, तर शेल्बी. ब्लूग्रासचेच आणखी एक बँजोवादक-गायक राल्फ स्टॅन्ली यांचं संग्रहालय असलेलं क्लिंटवूड, व्हर्जिनिया, हेही मनात असेल, पण ते डोंगरात पार आत आहे. स्टॅन्लींवर विशेष जीव असेल तरच तेवढी वाट वाकडी करावी.

रोझीन ठरलं तर पाऊण तासावरचं ओवेन्सबोरोचं ब्लूग्रास हॉल ऑफ फेम त्याच फेरीत बसतं. एक मात्र ध्यानात ठेवा: मन्रोंची १९२३ ची ती प्रसिद्ध गिब्सन मँडोलिन रोझीनमध्ये नाही, ती नॅशविलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये आहे. विमानाने नॅशविललाच उतरणार असाल, तर आधी ती पाहा आणि मग उत्तरेला गाडी काढा.