लिंकिंग व्हर्बनंतरचा नाउन क्लॉज: ‘व्हॉट’ विचारायचं की बरोबरचं चिन्ह टाकायचं?

इंग्रजीत ‘इज’, ‘अ‍ॅम’ अशा जोडणाऱ्या क्रियापदानंतर (लिंकिंग व्हर्ब) येणारा नाउन क्लॉज, म्हणजे नामाचं काम करणारं पोटवाक्य, मुलांना कसं ओळखायला शिकवायचं, असं शिकवणी घेणाऱ्या ओळखीच्या दोघातिघांनी विचारलं म्हणून लिहितोय. मी दोन्ही प्रकारे शिकवलंय, आधी नौपाड्यात एका क्लासला आणि आता ऐरोलीत घरी.

‘व्हॉट’वाली पद्धत सगळ्यांना पाठ आहे, क्रियापदाला ‘व्हॉट’ विचारा, उत्तर आलं की तो नाउन क्लॉज. पटकन जमते, आणि पेपरात नुसतं क्लॉजचं नाव लिहायचं असेल तर तेवढी पुरतेसुद्धा.

दुसऱ्या पद्धतीत ‘इज’च्या जागी = टाकायचं. ‘द प्रॉब्लेम इज दॅट द ट्रेन इज लेट’, म्हणजे प्रॉब्लेम = ट्रेन लेट असणं, दोन्हीकडे एकच गोष्ट, म्हणून कॉम्प्लिमेंट, म्हणजे सब्जेक्ट काय आहे किंवा कसा आहे ते सांगणारा भाग. ‘आय नो दॅट द ट्रेन इज लेट’ मध्ये मी म्हणजे काही ट्रेनचं लेट असणं नाही, म्हणून ऑब्जेक्ट. ‘व्हॉट’ने दोन्हीकडे उत्तर तेच येतं आणि मुलं सरसकट ऑब्जेक्ट लिहून मोकळी होतात.

तरी मी बरीच वर्षं ‘व्हॉट’च धरून होतो, पण ‘आय अ‍ॅम शुअर दॅट ही विल कम’ या वाक्याने मला अगदी जेरीस आणलं. कळव्याहून एक मुलगी यायची, हुशार, तिच्या वहीत दर वेळी ‘अ‍ॅम’पासून ‘दॅट’पर्यंत बाण, ‘शुअर’च्या डोक्यावरून गेलेला, आणि खाली ‘कॉम्प्लिमेंट’. बरं, तिचं तरी काय चुकलं, ‘व्हॉट’ विचारलं की उत्तर तेच येतं ना. शेवटी म्हटलं, ‘अ‍ॅम’च्या जागी = टाकून बघ. मी = तो येईल? ती थांबली, बाण खोडला आणि ‘शुअर’पासून नवीन काढला. कॉम्प्लिमेंट ‘शुअर’ आहे, क्लॉज त्या अ‍ॅडजेक्टिव्हला लटकलाय, हे मला वेगळं सांगावंच लागलं नाही.

आणि या पद्धतीला आपली मराठी मदत करते, हे मला फार आवडतं. अडचण ही की, प्रश्न हा की, म्हणणं हे की... तो ‘हा-ही-हे’ सब्जेक्टच्या लिंगाप्रमाणे बदलतो, म्हणजे क्लॉज सब्जेक्टशीच बांधलाय हे मुलांच्या कानाला आधीच माहीत असतं. ऑब्जेक्टला असं होत नाही, ‘मला हे माहितीये की’ मध्ये कायम ‘हे’च.

अर्थात ‘इट सीम्स दॅट’ला = चालत नाही, तिथे ‘इट’ नुसतं जागा धरून बसलेलं असतं, ते वेगळंच शिकवावं लागतं. वेळही जास्त जातो, माझे दोन तास तरी जातात. आणि ‘द क्वेश्चन इज व्हेअर डझ ही लिव्ह’ ही चूक दोन्ही पद्धतींनी सुटत नाही, ‘व्हेअर ही लिव्ह्ज’ घोटूनच घ्यावं लागतं.

परीक्षा पंधरा दिवसांवर असेल तर ‘व्हॉट’ घ्या, मी नाही म्हणणार नाही. पण जूनपासून मुलं हातात असतील तर = ने सुरुवात करून बघा. माझ्याकडे ‘व्हॉट’ आता क्लॉज कुठून कुठपर्यंत आहे तेवढं शोधायलाच उरलंय.