लॅपटॉपसोबत आलेलं विंडोज घ्यावं की वेगळं विकत घ्यावं?

सोलापुरात नवी पेठ असो की सात रस्ता, लॅपटॉप बघायला गेलात की बऱ्याचदा एकाच जातीच्या मशीनचे दोन भाव ऐकायला मिळतात. एक विंडोजसकट आणि दुसरा ‘डॉसवाला’, म्हणजे विंडोजऐवजी फ्रीडॉस किंवा लिनक्स ही फुकट सिस्टिम टाकून आलेला. डॉसवाला काही हजारांनी स्वस्त असतो, आणि त्यापाठोपाठ “विंडोज आम्ही टाकून देतो की” हे ठरलेलं वाक्य येतं. ऑफिससाठी डेस्कटॉप असेम्बल करून घेणाऱ्यापुढे रिटेल डब्याचा, म्हणजे स्वतंत्र विकत घेतलेल्या विंडोजचा, तिसरा पर्याय असतो. चालू केल्यावर तिन्ही मशीनच्या पडद्यावर सारखंच दिसतं, त्यामुळे फरक फक्त पैशांचा वाटतो. खरा फरक मदरबोर्ड उडाल्यावर कळतो, आणि आपल्या गावात बोर्ड उडायला निमित्तं कमी नाहीत.

लायसन्स कशाला बांधलेलं असतं

मशीनसोबत येतं ते ओईएम लायसन्स. मशीन बनवणारी कंपनी ते मायक्रोसॉफ्टकडून घाऊक घेते, म्हणून ग्राहकाला स्वस्त पडतं. विंडोज 7 च्या काळात पंचवीस अक्षरांची की (विंडोज चालू करायचा कोड) लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरवर असायची, आणि दोन वर्षांत अर्धी पुसली जायची. 2012 साली विंडोज 8 आलं तेव्हापासून मोठ्या कंपन्या ही की बोर्डावरच्या बायोस चिपमध्येच (मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम जिथे असतो ती चिप) लिहून पाठवतात. त्यामुळे फॉरमॅट मारा, हार्डडिस्क काढून एसएसडी बसवा, रॅम वाढवा, काही बिघडत नाही. विंडोज परत टाकताना की आपोआप सापडते. मात्र हे लायसन्स त्याच मशीनचं. लॅपटॉप विकला तर त्याच्याबरोबर नव्या मालकाकडे जातं, तुमच्या दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही.

रिटेल लायसन्स तुमचं असतं. तेही एका वेळी एकाच मशीनवर चालतं, पण जुनं मशीन भंगारात निघालं की तिथून काढून नव्यावर टाकता येतं. मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून ठेवलं असेल, तर बोर्ड बदलल्यावर सेटिंगमधला ॲक्टिव्हेशन ट्रबलशूटर चालवून ते परत मिळवता येतं. काही अडलं तर थेट मायक्रोसॉफ्टकडे मदत मागायची. ओईएमवाल्याला मदत मशीन बनवणाऱ्याकडे मागावी लागते, आणि असेम्बल मशीनचा बनवणारा म्हणजे आपला दुकानदारच. तो उद्या दुसऱ्या धंद्यात गेला तर विचारायला कोणी उरत नाही.

अपडेट दोन्हींना सारखेच येतात. सोबत आलेलं विंडोज ‘हलकं’ असतं, ही दुकानातली ऐकीव गोष्ट आहे. मशीन पात्र असेल तर विंडोज 10 वरून 11 वर जाणंही दोन्हींना फुकट.

बोर्ड उडाला तर

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याचं ऑफिस डोळ्यासमोर आणा. मे महिन्यात पारा 43 च्या वर, पलीकडच्या मागांवरून उडणारे सुताचे तंतू सीपीयूच्या पंख्यात अडकलेले, आणि व्होल्टेजचा खेळ चालूच. अशा ठिकाणी बोर्ड कधीतरी जाणार हे धरूनच हिशोब मांडावा.

लॅपटॉप वॉरंटीत असेल तर काळजी नाही. कंपनीनं स्वतः बिघडलेला बोर्ड बदलला तर ओईएम लायसन्स पुढे चालू राहतं. वॉरंटी संपल्यावर आपण चिप लेव्हल दुरुस्तीवाल्याकडे जातो. त्यानं तोच बोर्ड दुरुस्त केला तर कीला धक्का लागत नाही. पण बायोस खराब झालाय म्हणून त्यानं दुसऱ्या मशीनची बायोस फाइल चिपमध्ये भरली, तर तुमची मूळ की पुसली जाऊ शकते. मशीन सुरू होतं, पैसे देऊन घरी येतो, आणि मग कधीतरी कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ उगवतं. म्हणून दुरुस्तीला देतानाच “आधी मूळ बायोसचा बॅकअप काढून ठेवा” असं सांगावं. चांगला कारागीर ते न सांगताही करतो, पण सांगायला काही खर्च नाही.

असेम्बल डेस्कटॉपचं गणित वेगळं. तिथे बोर्ड उडाला की बहुधा नवीनच बसतो, कारण तीन-चार वर्षांत तो प्रोसेसर बसवायचा सॉकेटच बाजारातून गेलेला असतो. बोर्ड बदलला म्हणजे ओईएमच्या हिशोबी मशीनच बदललं, लायसन्स पुन्हा घ्या. असं एकदा जरी झालं तरी रिटेलसाठी दिलेले जास्तीचे पैसे बऱ्यापैकी वसूल होतात. त्यामुळे आठ-दहा वर्षं भाग बदलत चालवायचा डेस्कटॉप असेल, तर माझं मत सरळ रिटेलला.

लॅपटॉपसाठी मात्र उलट. डॉसवाला घेऊन त्यावर रिटेल विंडोज टाकणं जवळजवळ कधीच परवडत नाही. अमेरिकेत विंडोज 11 च्या होम या घरगुती आवृत्तीची रिटेल किंमत 139 डॉलर आणि प्रो या कामाच्या आवृत्तीची 199.99 डॉलर आहे. आपल्याकडेही रिटेल डबा विंडोजवाल्या आणि डॉसवाल्या लॅपटॉपच्या भावांतल्या फरकापेक्षा महागच पडतो. डॉसवाला त्यानं घ्यावा ज्याला लिनक्सच चालवायचंय किंवा ज्याच्याकडे जुन्या मशीनचं रिटेल लायसन्स मोकळं पडलंय. हिशोबाचं काम असेल तर लिनक्सचा विचार करण्याआधी टॅली आठवा, ते विंडोजवरचं सॉफ्टवेअर आहे.

‘आम्ही टाकून देतो’

यात दोन प्रकार येतात. एक सरळ क्रॅक, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडून फुकट चालवलेलं विंडोज. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 63ब नुसार बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती वापरणाऱ्यालाही किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड होऊ शकतो. शिवाय जीएसटीची कामं आणि बँकेचं नेटबँकिंग ज्या मशीनवर चालतं, त्यात कोणी बनवलेला क्रॅक शिरलाय हेच माहीत नसणं मला कायद्याच्या भीतीपेक्षा मोठं वाटतं.

दुसरा प्रकार ऑनलाइन मिळणारी पाच-सातशे रुपयांची ‘लाइफटाइम’ की. ती पुष्कळदा एखाद्या संस्थेच्या व्हॉल्यूम लायसन्समधून (पुष्कळ मशीनसाठी एकत्र घेतलेल्या लायसन्समधून) फुटलेली असते. ॲक्टिव्हेट होते, म्हणून लोकांना ओरिजिनल वाटते. पण व्हॉल्यूम लायसन्स संस्थेच्या नावावर असतं आणि मायक्रोसॉफ्टनं ती की बंद केली की तुमचं मशीनही त्यात जातं.

पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांतून निघालेले जुने लॅपटॉप घेणाऱ्यांनीही इथे लक्ष द्यावं. अशा मशीनच्या बायोसमध्ये बहुधा प्रोची की असते, आणि ती मशीनबरोबर हक्कानं तुमच्याकडे येते. कंपनीनं वर टाकलेलं एंटरप्राइझ, म्हणजे मोठ्या संस्थांसाठीचं, विंडोज मात्र येत नाही. फॉरमॅट करून बायोसमधल्या कीप्रमाणे प्रो टाकून घ्यायचं, वेगळा खर्च नाही.

होम की प्रो, आणि ऑफिस

घरगुती लॅपटॉपवर आपल्याकडे बहुतेक वेळा होम सिंगल लँग्वेज येतं. मेनूची भाषा एकच राहते, पण मराठी टाइप करायला अडचण नाही. 2019 पासून मराठी फोनेटिक कीबोर्डही विंडोजमध्येच मिळतो. जुळे सोलापुरातल्या घरून रिमोट डेस्कटॉपनं कारखान्यातलं मशीन उघडायचं असेल, तर कारखान्यातल्या मशीनवर प्रो लागतं. घरच्या मशीनवर होम चालतं.

लॅपटॉपसोबत एमएस ऑफिस आलं असेल तर ते पहिल्यांदा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं चालू कराल, त्याच्याशी जोडलं जातं. दुकानदाराला त्याच्या ईमेलनं ते सुरू करू देऊ नका. ईमेल तुमचा आणि पासवर्डही तुम्हीच टाइप करायचा. कारखान्याचं मशीन असेल तर खातं कारखान्याच्या नावाचं काढा, हिशोबनिसाचं खासगी नको.

पैसे देण्याआधी

असेम्बल मशीनच्या बिलावर विंडोजची वेगळी ओळ लिहून घ्या, त्यात होम की प्रो आणि ओईएम की रिटेल हेही यायला हवं. जीएसटी क्रमांक असलेल्यांना 18 टक्क्यांचं क्रेडिट घ्यायलाही ती ओळ लागेल. मग काउंटरवरच कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत एस-एल-एम-जी-आर, एक जागा सोडून तिरपी रेघ (/) आणि तिला चिकटून डी-एल-आय टाइप करा. छोट्या खिडकीत लायसन्सचा प्रकार येतो. ब्रँडेड लॅपटॉपवर तिथे ओईएम दिसायला हवं, रिटेलचे पैसे घेतले असतील तर रिटेल. व्हॉल्यूम दिसलं तर मशीन तिथेच ठेवा आणि विंडोज बदलून मिळेपर्यंत पैसे देऊ नका.