त्या नराचं हिप सर्टिफिकेट एका मादीचं निघालं : लॅब्रेडॉरवाल्यांनो, मेटिंगआधी हे वाचा

ठाणे, घोडबंदर रोड आणि पलीकडे ऐरोली-घणसोलीपर्यंत ज्यांच्याकडे लॅबची फिमेल आहे आणि येत्या हीटला, म्हणजे माजाला, मेटिंगचा विचार चाललाय, त्यांच्यासाठी लिहितेय. माझे ३८,९०० रुपये गेले. दोन पिल्लांचे खुबे जन्मभरासाठी अधू झाले. आणि ज्याने फसवलं तो नराचा मालक आजही तोच नर लोकांना दाखवत फिरतोय.

मी डोळे झाकून काही केलेलं नाही. आमच्या ब्राउनीचा एक्स-रे आधी काढून घेतला होता. हीटच्या काळात काढू नये म्हणून थांबले. भूल देऊन, उताणं झोपवून, मागचे पाय सरळ ताणून आणि गुडघे आत वळवून काढतात तसा रीतसर. तो अमेरिकेतल्या ओएफएकडे, म्हणजे कुत्र्यांच्या खुब्यांना एक्स-रेवरून ग्रेड देणाऱ्या संस्थेकडे, पाठवला. ग्रेड आली 'फेअर', म्हणजे पास, पण पास होणाऱ्या तीन ग्रेडमधली सगळ्यात खालची. अशा मादीला नर तिच्याहून चांगल्या खुब्यांचाच बघावा लागतो. हिप डिस्प्लेशिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष, एका जीनवर ठरत नाही, अनेक जीन्सचा खेळ असतो, म्हणून नराचे आईबाप आणि भावंडंही तपासलेली असली तर बरं. हे सगळं वाचूनच मी शोधाला लागले होते.

आमच्या ग्रूमरच्या ओळखीतून हा माणूस मिळाला. बोलायला गोड, माहितीही पक्की. स्टड फी, म्हणजे मेटिंगला नर देण्याचे पैसे, २५,००० : १०,००० यूपीआयने, १५,००० रोख. वर 'सर्टिफिकेटच्या अटेस्टेड कॉपी'चे ३,५००. पावती मागितली तर म्हणाला, "ताई, या लाइनमध्ये विश्वासावर चालतं." या लाइनमध्ये पावतीशिवाय एक रुपया देऊ नका.

आता तो क्षण, ज्याने माझी अजून झोप उडते. त्याच्या टीपॉयवर दोन कागद होते. एक केसीआयचं, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचं, रजिस्ट्रेशन, त्यावर नराची जन्मतारीख. दुसरा लॅमिनेट केलेला, 'ओएफए गुड'. त्यावरच्या नंबरचा शेवट होता जी-२७-एफ-पीआय. ओएफएच्या नंबरात सगळं लिहिलेलं असतं, हे मला नंतर कळलं. आधी जातीची अक्षरं, लॅबसाठी एलआर, मग अनुक्रमांक, मग ग्रेड, मग एक्स-रेच्या वेळचं वय महिन्यांत, मग नर की मादी, आणि पीआय म्हणजे कुत्र्याला चिपसारखी कायमची ओळखखूण आहे. जी म्हणजे गुड. २७ म्हणजे २७ महिने. एफ म्हणजे फिमेल! माझ्यासमोर बसलेला धष्टपुष्ट नर जन्मतारखेप्रमाणे त्या दिवशी २१ महिन्यांचा होता. दोन्ही कागद माझ्या हातात होते, चहा निवत होता आणि तो मला नराच्या पणजोबाची चॅम्पियनशिप सांगत होता. त्या नंबरातली अक्षरं कशी वाचायची हे कुठला डॉक्टर, कुठला ब्रीडर सांगतो? एकही नाही. सील आहे, लॅमिनेशन आहे, माणूस ओळखीतून आलाय. सामान्य माणसाने आणखी काय तपासायचं?

ओएफएचा फायनल नंबर २४ महिने पूर्ण झाल्याशिवाय मिळतच नाही. त्याआधी मिळतो तो प्रिलिमिनरी रिपोर्ट. दीड वर्षाच्या नराचं 'फायनल' कोणी दाखवलं तर तिथूनच उठा. आणि केसीआयचा कागद वंशावळ सांगतो, खुबे नाही. या दोन गोष्टी हे लोक मुद्दाम एकात मिसळतात.

पिल्लं झाली सात. एकही विकलं नाही, सगळी नातेवाइकांत आणि मैत्रिणींत दिली. आमच्या जाऊबाईंचा गुंड्या सात महिन्यांचा झाला आणि जिन्यापाशी बसून राहायला लागला. पळताना मागचे दोन्ही पाय एकदम टाकायचा, सशासारखे. माझ्या आत्तेभावाकडच्या पिल्लाचंही तेच. दोघांचे एक्स-रे काढले, प्रत्येकी ५,२००. खुब्याच्या वाटीत गोळा नीट बसलेलाच नाही. डॉक्टर दाखवत होते आणि जाऊबाई माझ्याकडे बघत होत्या.

मग मी तो नंबर ओएफएच्या वेबसाइटवर टाकला. ही सोय सगळ्यांना फुकट आहे, दोन मिनिटांचं काम. अमेरिकेतली एक मादी निघाली.

फोन केला तर साहेब म्हणतात, "ताई, दोघं चांगले असले तरी पिल्लांना होतं. निसर्ग आहे. तुम्ही जास्त खायला घातलं असेल, घरात टाइल्स असतील." यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे, म्हणूनच चीड येते. चांगल्या आईबापांनाही अशी पिल्लं होतात, वजन वाढलं आणि फरशी निसरडी असली की त्रास वाढतो. पण म्हणून खोटा कागद खरा होतो का? नराचा नवा एक्स-रे काढा, खर्च मी देते म्हटलं. "भुलीची रिस्क मी घेणार नाही." फोन कट.

पोलिसांकडे गेले. ड्यूटीवरच्या साहेबांनी शेजारच्याला ऐकू जाईल असं विचारलं, "मॅडम, कुत्र्याच्या लग्नात फसवलं म्हणून गुन्हा?" दोघं हसले. बनावट कागद दाखवून पैसे घेतले, सरळसरळ फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, सगळं सांगितलं. एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून हातात दिली आणि 'दिवाणी मॅटर आहे' म्हणाले. ब्रीडरकडे नोंदणी आहे का हे विचारायला एका सरकारी कार्यालयात गेले. २०१७ चे श्वान प्रजनन नियम आहेत, ब्रीडरला राज्याच्या पशू कल्याण मंडळाची नोंदणी बंधनकारक आहे. खिडकीवरच्या बाईंना तो नियमच माहीत नव्हता! मीच मोबाइलवर काढून दाखवला, तर "लेखी द्या". लेखी दिलं. इनवर्ड नंबर मिळाला, उत्तर नाही. दुसऱ्या टेबलावर गेलं की पहिल्या टेबलावर पाठवतात. नियम करून ठेवायचे आणि तो राबवणारा माणूसच सापडू नये, मग आमच्यासारख्यांनी दाद कुठे मागायची? माणसाची फसवणूक झालीय, कुत्रं फक्त निमित्त आहे, एवढंही कोणाला कळत नाही.

एक्स-रेची फिल्म स्वतः बघा. तिच्यावर मायक्रोचिपचा (कुत्र्याच्या कातडीखाली बसवलेल्या ओळख-चिपचा) नंबर, तारीख आणि डावी-उजवी खूण हवी. चिप रीडर लावून तोच नंबर त्या कुत्र्यात आहे का ते समोर तपासून घ्या. नुसती फोटोकॉपी दाखवणाऱ्याला पैसे देऊ नका, आणि रोख तर मुळीच नाही.

आता ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा आयोगात फी नाही, मुदत दोन वर्षांची. १०,००० चा यूपीआय स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे, रोख रकमेचा पुरावा नाही. ज्यांनी घोडबंदर भागात गेल्या दोन वर्षांत पिवळ्या लॅब नराशी मेटिंग केली असेल, त्यांनी आपल्याकडचं सर्टिफिकेट काढून शेवटची अक्षरं बघा. जी-२७-एफ असेल तर मला कळवा, तक्रारीला तुमचा कागद जोडायचा आहे.