एक मोबाइल, अर्धा तास आणि इंग्रजी वाचन-लेखन: काय निवडावं?

मराठी माध्यमातल्या मुलाला घरी इंग्रजी वाचायला-लिहायला शिकवायचंय, हाताशी एकच मोबाइल आणि संध्याकाळचा अर्धा तास आहे. अशा पालकांसाठी हे लिहितेय. मोफत मिळणाऱ्या तीन गोष्टींची तुलना करते: 'प्रथम बुक्स' या प्रकाशनसंस्थेचं 'स्टोरीविव्हर' हे गोष्टींचं संकेतस्थळ, गुगलचं 'रीड अलाँग' हे वाचनाचं अ‍ॅप आणि ब्रिटिश कौन्सिलचं 'लर्नइंग्लिश किड्स' हे संकेतस्थळ.

आधी मूल कुठे अडतं ते बघा. आपल्याकडे 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यामुळे चौथीतल्या मुलाला एबीसीडी पाठ असते, 'सी-ए-टी कॅट'ही घडाघडा येतं. पण 'कॅप' हा नवा शब्द समोर ठेवला की 'सी-ए-पी' म्हणून गप्प. अक्षराचं नाव माहीत आहे, आवाज माहीत नाही. देवनागरीत 'क' दिसला की 'क'च वाचायचा असतो, इथे मात्र पी-यू-टी पुट आणि बी-यू-टी बट. हे आवाज निदान काही आठवडे तुम्हालाच तोंडी घोटून घ्यावे लागतील. खाली दिलेल्या तिन्हींपैकी कशावरही ते काम सोपवून मोकळं होता येणार नाही.

'रीड अलाँग' 2019 मध्ये भारतात 'बोलो' या नावाने आलं. मूल मोठ्याने वाचतं, दिया नावाची सोबतीण ऐकते, चुकलेल्या शब्दाला मदत करते, बरोबर वाचलं की चांदण्या देते. चारचौघांत इंग्रजी वाचायला लाजणारं मूल इथे मोकळेपणाने तोंड उघडतं, आणि माझ्या मते हीच याची सर्वांत मोठी कमाई. मात्र शब्दावर बोट ठेवलं की उच्चार ऐकू येतो, म्हणून पहिले काही दिवस शेजारी बसा. मुलाने आधी स्वतः प्रयत्न करावा, मग बोट टेकवावं. यातून वाचनाचा वेग वाढतो, पण हातात पेन्सिल येत नाही. लेखनासाठी दुसरीकडेच जावं लागेल.

'लर्नइंग्लिश किड्स' तिथे उपयोगी पडतं. परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठीच ते बनवलंय, त्यामुळे लेखनाचा वेगळा विभाग आहे. आधी नमुना वाचायचा, त्यावरचे छोटे प्रश्न सोडवायचे, मग तसंच काही स्वतः लिहायचं. सरावाची पानं छापून घेता येतात, उत्तरंही मिळतात. अडचण एकच: सूचना इंग्रजीत आहेत. घरात कोणाला इंग्रजी वाचता येत नसेल तर मूल पहिल्याच ओळीला अडेल. सहावी-सातवीच्या पुढे, किंवा शिक्षक सोबत असतील तर, हे जरूर घ्या.

तरीही एकच निवडायचं असेल तर मी 'स्टोरीविव्हर' म्हणेन. 2015 पासून सुरू असलेल्या या संग्रहात गोष्टींच्या चार पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीची गोष्ट अडीचशे शब्दांच्या आत, तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येणारी. पुष्कळ गोष्टी मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे मिळतात. आधी मराठीतून गोष्ट वाचलेली असली की इंग्रजी वाचताना अर्थाची भीती राहत नाही, सगळं लक्ष शब्दांवर जातं. चित्रंही आपल्या ओळखीची: एसटी, विहीर, आजी, बाजार. परवाना खुला असल्याने गोष्ट डाउनलोड करून, छापून वर्गात वाटली तरी हरकत नाही. फक्त इथे कोणीही अनुवाद करून टाकू शकतं, म्हणून मुलाला देण्याआधी गोष्ट स्वतः एकदा वाचून घ्या.

लेखनासाठीही मी याच गोष्टी वापरते. ओळींवर कागदाची पट्टी ठेवायची, चित्र तेवढं उघडं, आणि मुलाने वहीत स्वतःचं वाक्य लिहायचं. पाचवीतल्या एका मुलीने दूध पिणाऱ्या मांजराखाली लिहिलं, 'कॅट मिल्क ड्रिंक'. मराठीत आपण 'मांजर दूध पितं' म्हणतो, तोच क्रम तिने इंग्रजीत उतरवला होता. मी लाल पेन उचललं नाही. आदल्या दिवशी तिनेच वाचलेलं 'द बॉय ईट्स अ मँगो' पुन्हा वाचायला लावलं. तिने एकेका शब्दावर बोट ठेवलं, थांबली, आणि 'ड्रिंक' खोडून मधे आणलं. 'द' आणि शेवटचा 'एस' राहिला होता, तो मी पुढच्या आठवड्यासाठी ठेवला.

म्हणून अर्ध्या तासाची माझी वाटणी अशी: दहा मिनिटं 'रीड अलाँग'वर मोठ्याने वाचन, दहा मिनिटं 'स्टोरीविव्हर'ची एक गोष्ट दोन्ही भाषांत, आणि उरलेली दहा मिनिटं मोबाइल बाजूला ठेवून वही.